शंभराला दीड

ग्रंथालयातून फोन आला तेव्हा मी रंधा मारत होतो. एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने लाकडावरचा भुसा झटकत मी ऐकत होतो, कारण मला वाटलं बायकोने नेहमीसारखं कुणाला तरी निरोप द्यायला लावलंय, फोनची बॅटरी संपली आहे, उशीर होईल, जेवून घे. पलीकडचा माणूस म्हणाला, मॅडम वाचनकक्षात टेबलावर डोकं ठेवून बसल्या होत्या, आम्हाला वाटलं डोळा लागलाय. मी विचारलं, मग उठवलंत का? तो म्हणाला, हो, उठवायला गेलो. एवढंच म्हणाला. फोन ठेवल्यावर मी हातातलं काम पुरं केलं. रंध्याचे चार-पाच हात राहिले होते ते मारले, कडेवरून अंगठा फिरवून पाहिला, आणि मग निघालो. ह्याचं मला पुढे फार वाईट वाटलं. मेव्हणी म्हणाली, भाऊजी, अशा वेळी माणसाचे हात आपलं ऐकत नाहीत. पण माझे हात ऐकत होते. नेहमीइतकेच ऐकत होते, आणि तेच मला खटकत राहिलं.

मी विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये पॅटर्न बनवतो. पितळेची एखादी वस्तू ओतायची असली की आधी तिची लाकडाची प्रत लागते. ती ओल्या वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची, आणि उरलेल्या पोकळीत ओतारी वितळलेलं पितळ ओततो. ह्या लाकडी प्रतीला पॅटर्न म्हणतात. एका पॅटर्नवरून हव्या तितक्या वस्तू निघतात. बत्तीस वर्षांत विद्यापीठातल्या जवळजवळ प्रत्येक विभागासाठी मी काही ना काही बनवलं. कुणाला पंपाचं झाकण, कुणाला कॅमेऱ्याचा पाय, कुणाला सात दातांचं चक्र. ते कशाला हवंय हे कुणी सांगत नसे आणि मीही विचारत नसे. नकाशा यायचा, त्यावर मापं असायची, मापाबरहुकूम काम करून द्यायचं. ते पुढे कशासाठी वापरलं जातं हे मला लग्नानंतर कळायला लागलं. बायको कलेच्या इतिहासाच्या विभागात होती आणि तिला सगळीकडे नाक खुपसायची सवय होती. संध्याकाळी चहा पिताना सांगायची, मिस्त्री, तुझं ते सात दातांचं चक्र आठवतंय? त्यावर बेडूक बसवलाय. बेडूक फिरवतात आणि त्याला चक्कर येते का बघतात. मी हसायचो, ती हसायची नाही. म्हणायची, हसू नकोस, त्या माणसाने नऊ वर्षं ह्यात घातलीत. तिला कुणाच्याही कामाचं हसू येत नसे. मुंगीच्या पायाचा अभ्यास असो, नाहीतर तीनशे वर्षांपूर्वीच्या शाईचा, ती तितक्याच उत्सुकतेने विचारायची, मग काय निघालं? लोकांना आमचं लग्न विचित्र वाटे. ती डॉक्टरेट झालेली आणि मी धंदेशिक्षणाचा दाखला घेतलेला. तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. ती म्हणायची, आपण दोघंही वस्तू कशी बनली तेच बघतो, तू आधी आणि मी नंतर.

ती गेल्यावर सात महिन्यांनी तिच्या विभागाच्या प्रमुखबाई स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या. वर्षातून एकदा सगळे विभाग आपलं काम मोठ्या दालनात महिनाभर मांडतात, टेबलं लावतात, फलक लावतात, आणि गावातलं कुणीही येऊन बघू शकतं. त्यात त्यांना तिचा एक फलक ठेवायचा होता आणि तो टेकवून उभा करायला लाकडी घोडा हवा होता. फलक कशाचा, मी विचारलं. त्या म्हणाल्या, कबुतराच्या चित्राचा. मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. तिने इतकी कामं केली, त्यातलं हे एकच काम फसलेलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं म्हणणं मागे घेतलं होतं, असं करणारी माणसं आमच्यात फार नाहीत, तेच मला लोकांना दाखवायचंय. मी घोडा बनवून देतो म्हटलं. बनवताना मात्र माझा हात चालेना.

कबुतराचं प्रकरण असं होतं. आमच्या शहरातल्या संग्रहालयात फळीवर रंगवलेलं एक जुनं चित्र आहे, खिडकीशी बसलेली बाई आणि तिच्या हातात कबुतर. दुसऱ्या एका शहरात अगदी तसंच दुसरं चित्र आहे. आमच्याकडचं खरं आणि तिकडचं नंतर कुणीतरी केलेली नक्कल, असं सगळे मानत आले होते. बायकोने दोन्ही चित्रांचे विशेष फोटो पाहिले आणि रंगाखाली, बाईच्या कडेकडेने, तिला बारीक काळे ठिपके दिसले. जुने चित्रकार कागदावर आकृती काढून तिच्या रेषेवर सुईने भोकं पाडत, तो कागद फळीवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत, म्हणजे भोकांतून ठिपके उमटत. कागद एकदा केला की त्यावरून कितीही चित्रं काढता येत. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, म्हणजे पॅटर्नच की. ती एकदम ताठ बसली. त्या रात्री ती बराच वेळ बोलत होती. दोन्ही चित्रं एकाच कागदावरून निघाली असतील तर दुसरं चित्र नक्कल नाही, त्याच घरातलं, त्याच हातांचं काम आहे. मग त्या चित्रकाराचा सगळा हिशेब बदलतो, त्याच्याकडे किती माणसं होती, काम कसं चालायचं, सगळंच. आणि हे ठरवायचं सोपं होतं. दोन्हीकडच्या आकृत्या मोजायच्या. कागद एकच तर माप एकच.

तिने मोजलं. आमच्याकडचं चित्र आधी, आणि चार महिन्यांनी तिकडे जाऊन दुसरं. चौदा मापं, डोक्यापासून झग्याच्या कडेपर्यंत, कोपरापासून चोचीपर्यंत, अशी. आकडे जुळले नाहीत. आमच्याकडच्या बाईची उंची सहाशे तीन मिलिमीटर, तिकडच्या बाईची सहाशे बारा. तिच्या विभागातले म्हणाले, नऊ मिलिमीटरने काय होतं, कागद दमट हवेत ताणला असेल, लिहून टाक. तिने घरी येऊन मला विचारलं. मी जेवत होतो. तिने आकडे वाचून दाखवले आणि म्हणाली, मिस्त्री, तुझ्या कामात हे चाललं असतं का? मी म्हटलं, नाही. नऊ म्हणजे नऊ. माझ्याकडे असा तुकडा आला तर मी तो भंगारात टाकीन. ती मान हलवून उठली. आठवड्याभरात तिने लेख लिहून छापायला दिला, त्यात स्वच्छ म्हटलं की दोन्ही चित्रांमागे एकच कागद होता हा माझा समज चुकीचा ठरला. पुढे तेरा वर्षं ती कबुतराबद्दल कधी बोलली नाही. मोजमापाचं कामही तिने पुन्हा केलं नाही. पत्रं, याद्या, मृत्युपत्रं ह्यांतच शोधत राहिली. कधीतरी एखाद्या नव्या पुस्तकात आमच्याकडचं चित्र आणि खाली तिकडच्या नकलेचा उल्लेख दिसला की पान जरा लवकर उलटायची. ते मला दिसायचं. मला वाटायचं, मी खरं सांगितलं, ह्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी घोडा लावायला म्हणून सकाळी गेलो आणि लावून झाल्यावर निघता येईना. एकतर फलकावर तिचा फोटो होता. आणि दुसरं म्हणजे ते दालन. तिच्याकडून इतकी वर्षं तुकड्यातुकड्याने ऐकलेलं सगळं तिथे एकदम मांडलेलं होतं. एका टेबलावर साबणाच्या पाण्याचे पडदे तारांवर ताणून दाखवत होते आणि ती तारेची चौकट माझ्या पॅटर्नवरची होती. त्याच्या शेजारी एकजण डासाच्या पंखांचा आवाज इतका सावकाश करून ऐकवत होता की तो जहाजाच्या भोंग्यासारखा येत होता. पुढे एका बाईने पाचशे वर्षांपूर्वीच्या एका पत्रातली खोडलेली ओळ वाचली होती आणि ती ओळ फक्त एवढीच होती की मेंढ्या पोचल्या. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू मेंढ्या तिच्याच होत्या. बेडूकवालाही होता. मी त्याला म्हटलं, तुमचं चक्र मी केलंय. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. म्हणाला, दात सहा असते तर माझं काम झालंच नसतं. मला छातीत काहीतरी भरून आल्यासारखं झालं, आणि ते दुःख नव्हतं. सात महिन्यांत पहिल्यांदा मला दुसऱ्या टेबलावर काय आहे हे बघावंसं वाटत होतं. मी वळून बायकोला सांगायला तोंड उघडलंसुद्धा. फलकाशेजारी खुर्ची होती, तिच्यावर बसलो.

फलकाच्या डाव्या हाताला गणिताचं टेबल होतं. तिथली बाई दोऱ्यांच्या गाठींवर काम करते, कोणती गाठ कोणत्या गाठीत बदलता येते आणि कोणती जन्मात येत नाही ह्यावर, म्हणून सगळे तिला गाठवाली म्हणतात. साबणाच्या पडद्यांपुढे गर्दी असल्याने तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. ती कंटाळून आमच्या फलकावरचे आकडे वाचत होती. वाचता वाचता तिने आपल्याच माहितीपत्रकाची मागची बाजू घेतली आणि पेन्सिलीने भागाकार करायला लागली. मी बघत होतो. पाच-सहा झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"काका, हे कुणी मोजलंय?"

"माझ्या बायकोने."

"फार उत्तम मोजलंय त्यांनी."

मी म्हटलं, पण ते जुळलेलं नाही, खाली लिहिलंय बघा. ती म्हणाली, जुळलेलं नाही हे खरं, पण कसं जुळलेलं नाही ते बघा. दोनशे सहाला दोनशे नऊ. तीनशे अडतीसला तीनशे त्रेचाळीस. दोन वेगळे कागद असते तर एखादं माप मोठं आलं असतं, एखादं लहान, एखादं चुकून सारखंही. इथे चौदाच्या चौदा एकाच बाजूला, आणि मी भागून पाहिलेली पाच-सहा एकाच पटीत. दोन माणसांनी दोन वेगळ्या बायका काढल्या तर असं होत नाही. ही एकच बाई आहे, फक्त सगळीकडून सारखी वाढवलेली. माझ्या बायकोला तेरा वर्षांत जे दिसलं नाही ते हिला पाच मिनिटांत दिसलं, म्हणून मला आधी राग आला. मग लक्षात आलं की तिने वजाबाकी केली होती आणि ही भागाकार करत होती. वजाबाकीत फरक प्रत्येक ओळीला वेगळा दिसतो, कुठे तीन, कुठे पाच, कुठे नऊ. आमच्या घरात कुणालाच भागाकार सुचला नव्हता. मी तर नऊ ऐकूनच निकाल दिला होता.

मी म्हटलं, मग लाकूड आटलं असेल. फळी जुनी आहे. गाठवाली म्हणाली, ते मला काय माहीत, चला. आणि तिने मला खरंच दंडाला धरून तीन टेबलं पलीकडे नेलं. तिथे लाकूडवाला बसतो. तो लाकडाचा श्वास मोजतो, म्हणजे हवा बदलली की लाकूड किती फुगतं आणि किती आकसतं ते. माझी त्याची ओळख होती, त्याला मी नमुने कापून देतो. त्याने कागद पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "मिस्त्री, तुम्ही हे विचारताय? लाकूड आडवं आटतं, उभं आटतं का कधी?" मला लाज वाटली. हे मला तो जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. तंतूंच्या आडव्या दिशेला फळी आकसते, लांबीला जवळजवळ नाहीच. लाकूड आटलं असतं तर बाई बारीक झाली असती, बुटकी झाली नसती. इथे उंचीला आणि रुंदीला एकच पट होती. तेव्हा लाकूड नाही. कागद ताणला असता तरी तो दोन्हीकडे इतका सारखा ताणत नाही, असं तो म्हणाला. गाठवाली आता हट्टाला पेटली होती. तिने उरलेले सगळे भागाकार केले, सरासरी काढली, आणि म्हणाली, एक पूर्णांक पंधरा हजारांश. लाकूडवाला म्हणाला, म्हणजे किती? ती म्हणाली, शंभराला दीड.

तो आकडा मला डोक्याच्या आधी हातात कळला. वितळलेलं पितळ थंड होताना आटतं. म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करावा लागतो, आणि प्रत्येक माप मोजून वाढवत बसायला नको म्हणून आमच्याकडे एक वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा कणभर लांब असतो. आम्ही तिला वाढीची पट्टी म्हणतो. दिसायला ती साध्या पट्टीसारखीच, पोलादाची, तशीच चकचकीत. मागे एक बारीक शिक्का असतो, एवढाच फरक. म्हणून नवी पट्टी आली की पहिलं काम तिच्या टोकाला लाल रंगाचं बोट लावायचं, म्हणजे कुणी चुकून साधी समजून उचलणार नाही. पितळेची वाढ शंभराला दीड असते. हे पॅटर्न बनवणाऱ्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नाही. त्या दालनात तीनेकशे शिकलेली माणसं होती आणि त्या आकड्याचा अर्थ कळणारा मी एकटाच होतो.

आणि मग बायको वर्कशॉपच्या दारात उभी राहिलेली दिसली. तेरा वर्षांपूर्वीची, पिशवी खांद्याला, एक पाय आत आणि एक बाहेर. संग्रहालयाने तिला सकाळचे दोनच तास दिले होते आणि ती घरून पट्टी विसरून आली होती. मिस्त्री, लवकर, बस जाईल. त्याच सकाळी माझ्याकडे दोन नव्या पट्ट्या आल्या होत्या, एक साधी, एक वाढीची. मी दोन्हींचे कागद एकदमच फाडले. एका पट्टीला लाल बोट लावलं आणि दुसरी तिच्या हातात दिली. म्हटलं, ही घे, नवी आहे, अजून कुणी वापरली नाही, हिच्यापेक्षा सरळ पट्टी गावात मिळायची नाही. मला अभिमान वाटत होता. ती पट्टी हवेत उंच धरून दाखवत पळाली. मी शिक्का पाहिला नव्हता. तिकडच्या संग्रहालयात बाहेरची धातूची वस्तू आत नेऊ देत नाहीत, म्हणून तिथे तिने त्यांच्याच पट्टीने मोजलं होतं. आपल्याकडची बाई लांब मिलिमीटरने मोजली गेली, म्हणून आकडा लहान आला. तिकडची खऱ्या मिलिमीटरने.

मी दोघांनाही काही न सांगता दालनातून निघालो आणि घरी गेलो. पायीच गेलो, आणि अर्ध्या वाटेवर मी पळत होतो. माझं वय पळायचं नाही. मेव्हणी माझ्याकडे बहिणीचे कपडे आवरायला आलेली होती; मला बघून ती घाबरली. म्हणाली, भाऊजी, काय झालं? मी म्हटलं, ती बरोबर होती. कोण? मी म्हटलं, अगं तुझी बहीण. मेव्हणीला काहीच कळलं नाही, पण माझ्याबरोबर ती पिशव्या उपसायला लागली. कागद कापायला म्हणून ती पट्टी बायकोने टेबलाच्या खणात ठेवली होती. टोकाला लाल रंग नव्हता. उलटी केली. शिक्का होता. मी खाली जमिनीवरच बसलो. मला वाटलं होतं की पट्टी सापडली तर मला रडू येईल, पण मला आनंद झाला होता, सरळसरळ आनंद, असा की पोटात मावेना. तिचा कागद एकच होता. ती चित्रं एकाच घरातली होती. तेरा वर्षं ती जे म्हणायचं थांबली होती ते खरं होतं. मग त्याच्यामागून दुसरी गोष्ट आली, की हे तिला कळलं नाही ते माझ्यामुळे, आणि निकालही मीच दिला होता. दोन्ही गोष्टी एकदमच होत्या. एक आली म्हणून दुसरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये खणाच्या तळाची लाल टोकाची पट्टी काढून भौतिकशास्त्राच्या प्रमाणित पट्टीशेजारी ठेवली. तंतोतंत सारखी. म्हणजे मी त्या दिवशी साध्या पट्टीलाच लाल लावलं होतं. मग आणखी एक गोष्ट उलगडली, आणि ती सांगायला मला भट्टीकडे जावं लागलं. त्याच वर्षी मी ह्या लाल पट्टीने एकच पॅटर्न केला होता, पंपाचं झाकण, चारशे मिलिमीटर व्यासाचं. ते ओतून आलं तेव्हा तीनशे चौऱ्याण्णव भरलं. मी ओताऱ्याला सगळ्यांदेखत बोललो होतो, की तू पितळ नको तितकं तापवतोस, त्यात काय मिसळतोस देव जाणे. नवी पट्टी मला हाताला बसत नव्हती म्हणून मी पुन्हा जुनीच वापरायला लागलो, पुढचं काम नीट आलं, आणि तेव्हा मला वाटलं की माझ्या बोलण्यामुळे तो सुधारला. तेरा वर्षं आम्ही एका छपराखाली कामापुरतं बोललो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"म्हणजे तू एका दिवसात दोन माणसांना खोटं ठरवलंस."

मी म्हटलं, हो.

"वहिनी तरी भल्या होत्या. मी तुला अजून शिव्या देतो." असं म्हणून त्याने चहा मागवला. मग स्वतःच म्हणाला, ते झाकण मी फेकलेलं नाही. उंदीर येतात म्हणून पाण्याच्या टाकीवर ठेवलंय. जा, मोज. ते मोजून मी आकडा लिहून आणला. माझी गोष्ट खरी असल्याचा तो एकच वेगळा पुरावा होता, आणि तो मला ओताऱ्याने दिला.

प्रमुखबाईंना मी दोन्ही पट्ट्या आणि गाठवालीचा कागद दाखवला. फलक उतरवा म्हटलं, लोक तिचं फसलेलं काम वाचतायत. त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून पाहिल्या. त्यांचे डोळे भरले, पण त्यांनी फलक उतरवला नाही. म्हणाल्या, तुमचं म्हणणं मला पटलंय, पण आपण आकडे गुणून काढलेत, मोजलेले नाहीत. तिने हे चालवून घेतलं असतं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी संग्रहालयाला अर्ज केला. मोजणी संशोधकानेच करावी असा तिथला नियम आहे, म्हणून अर्जात माझ्यापुढे मापनतज्ज्ञ असं लिहिलं. ओताऱ्याला हे कळल्यापासून तो मला त्याच नावाने हाक मारतो.

संग्रहालय बंद असतं त्या दिवशी आम्ही गेलो. प्रमुखबाई, गाठवाली, लाकूडवाला आणि मी. मेव्हणीला आत सोडलं नाही, ती बाहेर बाकावर बसली. चित्र भिंतीवरून उतरवून मऊ गादीवर ठेवलं होतं. मी ते पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. बाईचा अंगठा कबुतराच्या मानेवर होता, नुसता टेकलेला, दाबलेला नव्हता. पट्टी रंगाला लागू नये म्हणून मी तिच्या दोन्ही टोकांना लाकडाच्या पातळ पाचरी बसवल्या होत्या. लाकूडवाल्याने बजावलं होतं की मोजणाऱ्याने जुने आकडे बघायचे नाहीत, नाहीतर डोळा हवं तेच वाचतो. गाठवालीने म्हणून तिकडच्या मापांचा तक्ता स्वतःकडे घेतला होता आणि ती पाठ फिरवून उभी होती. मी वाचायचं, प्रमुखबाईंनी लिहायचं. पहिलं माप मी दोनदा घेतलं. सहाशे बारा, मी म्हटलं. गाठवालीची पाठ हलली एवढंच. मग दोनशे नऊ. मग तीनशे त्रेचाळीस. एकशे छत्तीसला मला वाटलं मी चुकलो, पुन्हा घेतलं, एकशे छत्तीसच आलं. चौदा मापं व्हायला तास लागला. शेवटी गाठवालीने वळून दोन्ही कागद शेजारी धरले. अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे एकाही मापाचा फरक गेला नव्हता. लाकूडवाला, जो कधी हसत नाही, खुर्चीच्या पाठीवर थाप मारत राहिला. रखवालदाराने विचारलं, चित्र खोटं निघालं का? प्रमुखबाई म्हणाल्या, नाही हो, दोन्ही खरी निघाली. मी बाहेर आलो तर मेव्हणी माझ्या तोंडाकडे बघून आधीच उठून उभी राहिली होती.

फलक त्याच दुपारी उतरला. आता ज्या नियतकालिकात तिने आपलं म्हणणं मागे घेतलं होतं तिथेच दुरुस्तीचं टिपण जायचं आहे. त्याचा छापील अर्ज असतो. त्यात एका रकान्यात चूक कशामुळे झाली ते लिहायचं होतं. प्रमुखबाईंनी सुचवलं, उपकरणातील दोष असं लिहा, तसंच लिहितात. मी म्हटलं, उपकरणात दोष नव्हता. मी लिहिलं की पट्टी पितळेच्या कामासाठी बरोबर होती, ती देणाऱ्याने न तपासता दिली, देणारा लेखिकेचा नवरा. त्यांनी ते वाचलं आणि तसंच ठेवलं.

अर्जाच्या शेवटी सह्यांच्या दोन जागा आहेत. एक मोजणी करणाऱ्याची, दुसरी मूळ लेखिकेची. प्रमुखबाई म्हणाल्या, विभागाच्या वतीने दुसरी मी करू शकते, नियमात बसतं. मी त्यांना थोडं थांबा म्हटलं आणि अर्ज घरी घेऊन आलो. मोजणी करणाऱ्याची सही मी केली आहे. दुसरी व्हायची आहे.